चमको आणि बदकाची मावशी

आमच्या धाकट्या जावेने सगळ्या नात्यात बोभाटा केलाय की थोरलीने म्हातारपणी गेम खेळायचा कीबोर्ड घेतला, तोही रंगीत दिव्यांचा. हो, घेतला! माझ्या घरात काय घ्यायचं ते मी ठरवणार. आणि म्हातारपणी म्हणे. मी एक्कावन्न वर्षांची आहे, ती काय पाळण्यात आहे?

आता तो का घेतला ते नीट ऐका, म्हणजे ती पुन्हा सुरू झाली की तुम्हीच तिला गप्प कराल.

मला दिसत नाही. जन्मापासूनच दिसत नाही, त्यामुळे सुस्कारे टाकू नका. लोक टाकतात आणि माझं डोकं फिरतं. मी ब्रेलची पुस्तकं तयार करते. ब्रेलमध्ये अक्षर म्हणजे जास्तीत जास्त सहा टिंबं, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. संगणकावर त्या सहा टिंबांची सहा बटणं, सहा बोटांखाली. ज्या अक्षराला जी टिंबं लागतात ती सगळी बटणं एकदम दाबायची. एकामागून एक नाही, एकदम. मग तिकडे छापखान्यात यंत्र जाड कागदावर ती टिंबं उठवतं आणि मुलं बोटांनी वाचतात.

पण मूळ पुस्तक असतं छापील. ते मला कोण वाचून दाखवणार? तर आमच्या सासूबाई. माझी बोटं आणि त्यांचे डोळे, अशी आमची अठरा वर्षांची भागीदारी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल, एका बाजूला मी, समोर त्यांची वेताची खुर्ची. ती खुर्ची अशी करकरते की सासूबाईंनी नुसता श्वास घेतला तरी मला कळतं. आणि वाचतात काय! राजा आला की आवाज भारदस्त, चोर आला की कुजबुज. रडायचा प्रसंग आला की स्वतःच रडायला लागतात आणि मी सहा बोटं हवेत धरून बसते. मग मी चिडते. मग त्या म्हणतात, "तुला मेलीला काळीजच नाही." मग चहा होतो. अठरा वर्षं हेच चाललंय आणि खरं सांगायचं तर मला याच्याहून चांगलं काही ठाऊक नाही.

या वर्षी छापखान्याने एक जाडजूड पुस्तक दिलं. एका घड्याळजीची आणि त्याच्या बदकाची गोष्ट. शाळा सुरू व्हायच्या आत हवी होती. आम्ही पहिलं पान केलं आणि दुसऱ्या पानाला माझ्या जुन्या कीबोर्डावर चहा सांडला.

सांडला माझ्याच कोपराने. पण कप तिथे नव्हता ठेवायचा! आमच्याकडे कप खिडकीच्या कोपऱ्यात ठेवतात, ही काय आजची रीत आहे? त्या दिवशी सासूबाईंनी तो नेमका माझ्या कोपराशी ठेवला होता. आमचं त्यावरून जोरदार वाजलं. त्यांनी नेहमीसारखं उलट उत्तर दिलं नाही, नुसतं "चुकलं गं" म्हणाल्या. मी जिंकले म्हणून खूश झाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

लगेच आम्ही दोघी नाक्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा होता, घाईत बोलणारा. मी त्याला म्हटलं, सहा बटणं एकदम दाबली तर सहाही धरली पाहिजेत. तो म्हणाला, "ताई, धरतात की. बटणं ती बटणंच." मी त्याच्या संगणकावर सहा बटणं एकदम दाबली आणि विचारलं, "आई, पडद्यावर बघा. सहा अक्षरं आली का?"

"आली," सासूबाई म्हणाल्या. "सगळी आली."

आणला घरी. हिशेबनिसांच्या टेबलावर असतो तसला साधा, पातळ, मऊ. बाकीचं सगळं पुस्तक त्याच्यावर केलं आणि छापखान्याला धाडलं. चार दिवसांनी तपासनिसांचा फोन. या तपासनिसांनाही माझ्यासारखंच दिसत नाही. ते बोटांनी वाचतात आणि त्यांच्या शेजारी बसलेली मुलगी मूळ पुस्तकाशी ताडून बघते. बोलतात हळू, पण दोन वाक्यांत माणसाची अब्रू काढतात.

"बाई," ते म्हणाले, "हा घश्याळजी कोण?"

मी म्हटलं, "कोण?"

"पहिल्या पानावर घड्याळजी आहे. दुसऱ्यापासून घश्याळजी झालाय. बदकाचं तर काय काय झालंय ते मी फोनवर सांगत नाही. मी तिसऱ्या पानाशीच थांबलो. शेजारच्या मुलीला म्हटलं, पुस्तक मीट."

आई वाचत असताना मी संगणकाचा आवाज बंद ठेवते; तो लावून दुसरं पान ऐकलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. कीबोर्ड बटणं गिळत होता. चार दाबावीत तर तीनच पुढे जात होती, आणि एक टिंब गेलं की अक्षरच बदलतं. सगळं पुस्तक लंगडं! अठरा वर्षांत माझ्या कामावर असला डाग पडला नव्हता. तपासनीस म्हणाले, तीन आठवडे देतो, पहिल्यापासून करा.

"आई, तुम्ही तर म्हणालात सगळी आली!"

"मला वाटलं आली."

"वाटलं म्हणजे?"

खुर्ची करकरली.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. माझा लॅपटॉपच पाठीवर घेतला, कानात त्याचा आवाज लावला, म्हणजे मी जे अक्षर दाबीन ते तो माझ्या कानात सांगणार. कुणाला विचारायची भानगडच नको. आणि परीक्षेला अक्षर घेतलं ढ, कारण त्याला सहाही टिंबं लागतात. दुकानदाराला म्हटलं, एकेक कीबोर्ड आण.

पहिल्याने ढचा ट केला. दुसऱ्याने य. तिसरा चांगला महागातला, त्याच्या खोक्यालाच कापडाचं अस्तर होतं, त्याने क्ष केला. दुकानदार म्हणाला, "ताई, सहा बटणं एकदम कोण दाबतं हो?" मी म्हटलं, "मी दाबते. पुढचा आण." चौथा, पाचवा. मागे रांग लागली. सासूबाई रांगेतल्या लोकांना सांगत होत्या, "परीक्षा चाललीये, सगळेच ढ निघतायत." लोकही तिथेच थांबून मजा बघायला लागले.

शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "आता एकच उरलाय, पण तो तुमच्या कामाचा नाही. गेमिंगचा आहे. सगळ्यात स्वस्तातला. कॉलेजची पोरं नेतात."

"का नेतात?"

"खेळताना ती एका वेळी पळतात, उडी मारतात, गोळी घालतात. सगळी बटणं एकदम दाबावी लागतात ना."

मी म्हटलं, "अरे शहाण्या, मग मघापासून मी काय मागतेय?"

त्याने जोडला. मी सहा बोटं ठेवली. बटणं उंच होती, खाली स्प्रिंगा, दाबली की टक्क असा खणखणीत आवाज. दाबली. कानात आवाज आला, "ढ."

पुन्हा. "ढ." वीस वेळा दाबलं, वीस वेळा ढ. मी त्या दुकानात अशी ओरडले की कुणाला वाटावं लॉटरी लागली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या कुणीतरी शिट्टी मारली.

"याचे दिवे बंद होतात का?" मी विचारलं. "मला दिव्यांचं काय करायचंय?"

दुकानदार काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "राहू देत गं. छान दिसतायत." मग "मला दिसतायत," असंही म्हणाल्या. मला ते बोलणं तेव्हा चमत्कारिक वाटलं, पण मी ढच्या आनंदात होते. निघताना दुकानदाराने कुठलंसं बटण दाबून दिवे "मस्त लावून" दिले. कसे लावले ते मी विचारलं नाही.

घरी आल्याआल्या सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं चमको. पहिले दोन दिवस त्या स्प्रिंगांनी माझी बोटं दुखली. आवाज तर विचारू नका, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. शेजारीण येऊन विचारून गेली, "तुमच्याकडे काही फुटतंय का?" आमचे हे घरं रंगवायचं काम करतात, संध्याकाळी दमून येतात. ते म्हणाले, "बाई गं, मी दिवसभर भिंती घासतो, तो आवाज बरा." पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला एक बारीक कोरा ब्रश चमकोच्या फटी झाडायला आणून ठेवला. आठवड्याभरात बोटं सरावली आणि मला तो टक्क आवाज आवडायलाच लागला. प्रत्येक टिंब पोचल्याची पावती मिळते. मऊ कीबोर्डासारखा मिठ्ठास बोलून दगा देत नाही.

पुन्हा पहिल्यापासून सगळं पुस्तक केलं. सासूबाई वाचत होत्या, मी दाबत होते. आणि गोष्ट अशी रंगली म्हणून सांगू! मधे बदकाची एक मावशी येते, ती घड्याळजीला चांगला फैलावर घेते, "माझ्या भाच्याला वेळेवर खायला घालता येत नाही आणि गावाला वेळ सांगतोस होय रे?" मी हसून हसून दोनदा थांबले. म्हटलं, लेखक हुशार आहे हो. सासूबाई म्हणाल्या, "आहे खरा."

धाडलं. चार दिवसांनी तपासनिसांचा फोन.

"बाई, अक्षरं मोत्यासारखी. एक टिंब इकडचं तिकडे नाही. नवीन कीबोर्ड का?"

मी फुलले. "गेमिंगचा आहे," म्हटलं.

"असू दे. पण ही मावशी कोण?"

"बदकाची मावशी."

"मूळ पुस्तकात मावशी नाही."

"असं कसं? सतराव्या पानावर येते की."

"सतराव्या पानावर घड्याळजी दुकान झाडतो," ते म्हणाले. "मावशी कुठेच नाही. शेजारची मुलगी सगळं पुस्तक दोनदा चाळून बसलीये. एकंदर अकरा पानं अशी आहेत, जी लेखकाने लिहिलेलीच नाहीत."

मी फोन ठेवला. पहिल्यांदा केलेलं लंगडं पुस्तक लॅपटॉपवर होतंच, ते काढलं. त्यातलं सतरावं पान कसंबसं लावून वाचलं. तिथेही मावशी होती. पण तिथे ती बसमधून उतरली होती. दुसऱ्या खेपेला ती होडीतून आली होती.

म्हणजे ही चूक कीबोर्डाची नव्हती. चहाची नव्हती. छापील पान काही दर वेळी बदलत नाही.

"आई," मी म्हटलं, "सतरावं पान वाचा बघू."

"आत्ता कशाला?"

"वाचा."

पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी सुरुवात केली, "मावशी टांग्यातून उतरली..." आणि थांबल्या.

"मागे होडी होती," मी म्हटलं. "त्याच्या मागे बस."

खुर्ची करकरली नाही. अठरा वर्षांत ती खुर्ची इतकी गप्प कधी नव्हती.

"वर्ष होत आलं," त्या म्हणाल्या. "नजरेत मधोमध डाग आलाय. मान वाकडी करून, कडेने बघून वाचायचे. या पुस्तकात बारीक अक्षरांच्या पानांना तेही जमेना. चित्रं दिसतात, रंग दिसतात. तिथली अक्षरं कुठली दिसायला! मग मी आपलं... रचत गेले."

मला असा राग आला, असा राग आला की चमकोचा ब्रश उचलून मी फेकलाच. "माझ्यापासून लपवलंत? माझ्यापासून? दिसेनासं झालं म्हणून लाजायला नको असं जगात एकच घर असेल, आई, ते हे आहे! आणि तुम्ही इथे बसून लपवताय!"

"तुझ्यापासूनच लपवायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुझं स्थळ आलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. आंधळी सून काय कामाची, असं म्हटलं होतं मी. या तोंडाने म्हटलं होतं. आता त्याच तोंडाने तुला काय सांगू, की मला दिसत नाही?"

मी म्हटलं, "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या घराच्या भिंती पातळ आहेत."

दोघीही रडलो. मग मीच चहा केला आणि कप खिडकीच्या कोपऱ्यात ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, मधलं गेलं ते गेलं. कडा राहतील, उजेड राहील, रंग राहतील. वाचन नाही. सासूबाई घरी आल्या आणि त्यांनी ती वेताची खुर्ची उचलली, टेबलापासून फरफटत गॅलरीत नेली. म्हणाल्या, "वाचता येत नाही तर मी तिथे बसून काय करू? तुझा खोळंबा करायला?"

मला ती खुर्ची टेबलाशी परत हवी होती. बस्स, बाकी काही नको होतं. छापखान्याने भलेपणाने मूळ मजकूर संगणकावर पाठवला, म्हणजे यंत्राचा आवाज मला तो वाचून दाखवणार. काम होत होतं. पण तो आवाज! राजा मेला तरी त्याच सुरात, लग्न झालं तरी त्याच सुरात. मी सासूबाईंना ब्रेलचा कागद नेऊन दिला, म्हटलं शिका. त्यांनी बोट फिरवलं आणि कागद परत केला. "सगळं वाळूसारखं लागतं. या वयात नाही होणार माझ्याने." मी समजावलं, भांडले, आमच्या ह्यांच्याकडून सांगून बघितलं. त्या ऐकेनात. जेवायला येत, भांडी पुसत, पुन्हा गॅलरीत. भांडतसुद्धा नव्हत्या, आणि त्याचाच मला जास्त धसका बसला. आमच्या घरात कुणी भांडेनासं झालं म्हणजे डॉक्टर बोलवायची वेळ.

पाचव्या दिवशी मात्र यंत्राने त्यांचा बांध फोडला. मी त्या दिवशी कानातली वायर काढली होती, आवाज मोठ्याने चालू होता. घड्याळजीचं बदक हरवतं तो भाग होता. गॅलरीतून सासूबाई तरातरा आल्या. "अरे मेल्या, बदक हरवलंय! जरा तरी कळवळून सांग!" यंत्र आपलं तसंच. "हा भाजीचे भाव वाचतोय का गं?" असं म्हणत त्यांनी खुर्ची आत ओढली आणि यंत्राला शिव्या देण्यासाठी टेबलाशी बसल्या. मी बोटंसुद्धा हलवली नाहीत. उगाच हलले तर उडून जातील असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीही बसल्या. तिसऱ्याही. बोलत नव्हत्या. मी चुकीची ती अकरा पानं पुन्हा करत होते, टकटक चालू होती. मला वाटलं, दुखतंय तिथेच बसायची सवय असते माणसाला. बसू देत.

चौथ्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "थांब. हे बदक चुकलं."

मी म्हटलं, "काय चुकलं?"

"शेवटी डावीकडचं मधलं दाबलंस. कडेचं हवं होतं."

मी मागे जाऊन ओळ ऐकली. यंत्र म्हणालं, "बदब."

माझे हातच थांबले. "आई, तुम्हाला कसं कळलं?"

"दिवा लागतो ना गं!" त्या म्हणाल्या, जणू मीच बावळट. "तू दाबतेस ना, ज्या बटणाला बोट लावतेस त्याचाच दिवा लागतो आणि हळूच विझतो. सरळ बघितलं तर डाग मधे येतो, पण जरा कडेने बघितलं की लख्ख दिसतं. दिवसात शंभरदा बदक लिहितेस. आधी डावीकडचे दोन शेजारी-शेजारी. मग डावीकडचा एक, उजवीकडचे दोन. मग डावीकडचे दोन, मधलं सोडून. ब, द, क. नाही का?"

मला दिव्यांचं हे कुणी सांगितलंच नव्हतं! मला वाटत होतं ते नुसते जळत बसतात. आमच्या ह्यांना वाटलं मला सांगून काय उपयोग, आणि दुकानदाराने तर "मस्त लावून" दिले होते. आणि इकडे मी कागदावर टिंबं घेऊन त्यांच्या मागे लागले होते, आणि बाईसाहेब समोर बसून अकरा अक्षरं शिकल्या होत्या.

"अकरा येतात मला," त्या म्हणाल्या.

"अकरा? कुठली?" मी विचारलं.

"बदकाची तीन आणि घड्याळजीतली सगळी. जमध्ये मला जरा शंका आहे."

मी रडले. हो, रडले, त्यात काय? मग डोळे पुसून म्हटलं, "आई, खुर्ची या बाजूला घ्या." तेव्हापासून ती खुर्ची माझ्या शेजारी आहे, समोर नाही.

पुढचे तीन महिने आमच्या घरात जो धुडगूस झाला तो जावेने बघायला हवा होता. सकाळी दोन तास चमको त्यांचा, मग माझा. मी अक्षर सांगायची, त्या दाबायच्या, दिवे बघायच्या, यंत्र नाव घ्यायचं. बरोबर आलं की सासूबाई यंत्राला म्हणायच्या, "बघ, आता कसा शहाण्यासारखा बोललास." ढवर तर त्यांचा भारीच जीव. सगळे दिवे एकदम लागतात म्हणून उगाचच मधे मधे ढ दाबायच्या. आमचे हे कामावर निघताना हटकून विचारायचे, "आज किती ढ झाले?" सराव झाला तशी मी त्यांना डोळे मिटून दाबायला लावलं. बोटांना टिंबं पाठ झाल्यावर मग कागद दिला. या वेळी त्याच बोटांना वाळूत अक्षरं सापडायला लागली. पहिला शब्द कुठला वाचला असेल? बदकच.

अशात तपासनिसांचा फोन आला. "बाई, एक घोटाळा झालाय. मावशीवाली कच्ची प्रत चुकून शाळेत गेली आणि तिथल्या बाईंनी ती घाईत वर्गात वाचून टाकली होती. आता खरं पुस्तक गेलंय तर मुलं ऐकायला तयार नाहीत. म्हणतात, मावशी कुठे गेली? त्या मुलांनी मला पत्र धाडलंय. ती मावशी कुणी रचली?"

मी म्हटलं, "आमच्या सासूबाईंनी."

"त्यांना म्हणावं, मावशीचं वेगळं पुस्तक करून द्या. छोटंसं. आम्ही छापतो."

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "देते. पण मीच दाबणार. सुनेला हात लावू देणार नाही." आणि खरंच नाही लावू दिला. दुपारी दार लावून घ्यायच्या, यंत्राचा आवाज बंद करायच्या, आतून नुसती टकटक. मी दाराशी उभी राहिले की ओरडायच्या, "मला ऐकू येतंय तुझं श्वास घेणं!" चमकोचं एक बटण उडून पलंगाखाली गेलं, ते ह्यांनी शोधून बसवलं. बाकी त्या स्वस्तातल्या डब्याने एक टिंब चुकवलं नाही. पुस्तक त्यांनी मुलाकरवी, म्हणजे आमच्या ह्यांच्याकरवी, परस्पर धाडलं.

परवा पहिली प्रत आली. जाड कागद, वीस पानं. मी हात पुढे केला तर त्यांनी माझ्या बोटांवर फटका मारला. "बस. मी वाचते."

दोघी टेबलाशी बसलो. चहा खिडकीच्या कोपऱ्यात. खुर्ची करकरली. त्यांचं बोट कागदावरून सरकल्याचा तो बारीक खरखर आवाज आला, तो आवाज मला सगळ्या आवाजांहून ओळखीचा, पण तो आजवर माझ्याच बोटांचा होता. सासूबाई वाचायला लागल्या. हळू, अडखळत. मावशीचा आवाज मात्र तोच, खणखणीत.

"मावशीला एक सून होती," त्या वाचत होत्या. "आधी मावशीला ती सून नको होती. मावशी तेव्हा मूर्ख होती."

मी म्हटलं, "आई! पुन्हा रचताय ना?"

त्यांनी माझा हात धरला आणि बोट कागदावर ठेवलं. मी ती ओळ वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. एक टिंब चुकलेलं नव्हतं.

मी त्यांचा हात सोडला नाही. "पुढचं वाचा," मी म्हटलं.